घुशीच्या काळजातील पांढरे दाणे आणि म्हशीचा यकृतकृमी

प्रश्न : बांध फोडणारी एक घूस मारून कुत्र्यापुढे टाकण्याआधी चिरून पाहिली, तेव्हा काळजावर (यकृतावर) वाटाण्याएवढे पांढरे फुगे दिसले. हा रोग माणसाला होतो का? (भातउत्पादक, खानापूर तालुका)

उत्तर : फुगा फोडला असता आत पांढरी, वळकटी करून बसलेली लांबट अळी निघाली, तर ती मांजराच्या पट्टकृमीची बाल्यावस्था समजावी. मांजराच्या विष्ठेतून पडलेली अंडी चाऱ्यापाण्यावाटे घुशीच्या पोटात जातात, त्यातील गर्भ आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात पोहोचतो, आणि साधारण दोन महिन्यांत ती अळी पुन्हा मांजराला लागण करण्याइतकी वाढते. माणसात हा कृमी अत्यंत विरळ आढळतो.

फुग्यांऐवजी यकृतावर पिवळट-पांढरे, वेडेवाकडे पट्टे असते, तर मात्र मी वेगळे उत्तर दिले असते. केसासारखा बारीक असणारा एक गोलकृमी यकृताच्या मांसातच अंडी घालतो, आणि ती अंडी त्या जनावराच्या विष्ठेतून बाहेर पडत नाहीत; घूस कुजली किंवा कोणी ती खाल्ली, तरच ती मोकळी होतात. कुत्र्याने असे यकृत खाल्ले, तर अंडी त्याच्या पोटातून न पचता बाहेर पडून अंगणभर पसरतात, ओलसर मातीत काही आठवड्यांत पक्व होतात आणि मातीने भरलेला हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलाच्या पोटात जाऊ शकतात. माणसातील अशी प्रकरणे मोजकीच आहेत. तरीही मेलेली घूस कुत्र्यापुढे टाकू नये, जाळावी, आणि ते जमत नसेल तर खोल पुरावी. चिरताना हातमोजे वापरावेत, कारण भाताच्या खाचरात घुशीच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूजन्य आजार या कृमींपेक्षा कितीतरी अधिक काळजीचा आहे.

प्रश्न : मांजराला जंताचे औषध देऊनही त्याच्या विष्ठेत तांदळासारखे तुकडे पुन्हा दिसतात. औषध बनावट असेल का? (निपाणी)

उत्तर : तसे मानण्याचे कारण नाही. प्रॅझिक्वांटेल हे जंताचे औषध आतड्यातील पट्टकृमी मारते. पुढच्या शिकारीतून होणारी नवी लागण ते अडवत नाही. मांजर उंदीर धरत असेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने डोस ठरावीक अंतराने द्यावा.

प्रश्न : मस्करॅटच्या यकृतात माणसाला घातक असा कृमी असतो असे वाचले. आमच्या घरात चिचुंद्री फिरते. (बेळगाव)

उत्तर : गोंधळ नावाचा आहे. भारतातील जुन्या इंग्रजी लेखनात चिचुंद्रीलाही मस्करॅट म्हणत. खरा मस्करॅट हा उत्तर अमेरिकेतला, पुढे युरोपात पसरलेला पाणथळ कृंतक (उंदरासारखा कुरतडणारा प्राणी) आहे. तिथे कोल्ह्यांच्या एका घातक पट्टकृमीच्या अळ्या त्याच्या यकृतात सापडतात. चिचुंद्री तर कृंतकही नाही, ती कीटकभक्षी आहे.

प्रश्न : म्हशीच्या जबड्याखाली पाणी भरले आहे, दूध आटले आहे. डॉक्टर यकृतकृमी म्हणतात. मळीच्या रानात घुशी फार आहेत. त्यांनीच आणला का? (कृष्णाकाठ, रायबाग तालुका)

उत्तर : घुशीला इथे निर्दोष सोडावे लागेल. फ्रान्समध्ये कोयपू नावाचा मोठा पाणउंदीर गुरांच्या यकृतकृमीचा साठा बाळगतो हे खरे, परंतु आपल्याकडील पानासारखा चपटा, सात सेंटिमीटरपर्यंत वाढणारा कृमी प्रामुख्याने गुरे आणि गोगलगाय यांच्यातच फिरतो. म्हशीच्या शेणातील अंडी पाण्यात उबतात, त्यातील अळ्या गोड्या पाण्यातील लहान गोगलगायींत वाढतात, बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात, आणि तेच गवत म्हैस खाते. अंडी शेणात दिसायला लागणीनंतर तीन-चार महिने लागतात, त्यामुळे एकदा शेण तपासून काही निघाले नाही म्हणून निश्चिंत राहू नये. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि त्यानंतर काही काळ दूध वापरता येत नाही, म्हणून ते पशुवैद्यानेच द्यावे. डबक्याकाठचे हिरवे गवत तूर्त बंद करावे. भाताचे पिंजर द्यायचे झाल्यास पाण्यात उभा असलेला बुडखा कापून टाकावा आणि उरलेले कडक उन्हात पूर्ण वाळवून घालावे, कारण गवताला चिकटलेल्या अळीला ओल लागते.