वडिलांच्या हृदयाचे पंपिंग 30 टक्के आहे. आता किती वर्षे?

आपल्या वडिलांच्या टू-डी एकोमध्ये पंपिंग 30 टक्के निघाले आहे आणि ते किती वर्षे काढतील, असे आपण विचारले आहे. वर्षांचा आकडा कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. मात्र 30 टक्के म्हणजे हृदय 70 टक्के निकामी, असा जो अर्थ घरोघर लावला जातो तो चुकीचा आहे. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातील साधारण 50 ते 70 टक्केच रक्त बाहेर टाकते. नियमित औषधांनी हा आकडा पुष्कळांचा वाढतो. माझ्या आईचाही वाढला होता.

आई पुण्यात माझ्याकडे असे. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, ती वजनकाट्यावर उभी राही आणि दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवर त्याच चौकोनात वजन मांडून ठेवी. एका लग्नासाठी दादा तिला चिपळूणला घेऊन गेला. एसटीच्या प्रवासात अडचण नको म्हणून त्याने तिची लघवीची गोळी थांबवली आणि पायांवरची सूज तर उतरलीच आहे, असे म्हणत लग्नघर आटोपेपर्यंत ती पुन्हा सुरूच केली नाही. त्यात पंगतीतले पापड, लोणचे आणि तळलेल्या मिरच्या. आडवे होताच खोकल्याची उबळ येई, म्हणून आई रात्र-रात्र लोडाला टेकून बसून राहू लागली. घरातल्यांनी ते पित्त ठरवून तिला ओवा दिला. नडगीवर बोट दाबले तर खळगा तसाच राहत होता, पण तो कोणी पाहिला नाही. शेवटी तिला अतिदक्षता विभागात न्यावे लागले आणि शिरेतून औषध देऊन अंगात साचलेले पाणी काढल्यावर कुठे ती आडवी झोपू शकली.

दादा आजही हवापालट बाधला असेच म्हणतो. मला ते मुळीच मान्य नाही. सूज त्या गोळीमुळेच उतरलेली होती. गोळी थांबली की मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, मिठाबरोबर पाणी राहते, आणि अशक्त हृदयाला ते पुढे ढकलता न आल्याने ते फुप्फुसांत साचते.

म्हणून वडिलांचे वजन रोज करा; तीन दिवसांत दोन किलो वाढले तर सूज दिसण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सैंधव चालते असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका, तेही मीठच आहे. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते आणि या आजारातल्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकते. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर आणून देऊ नका, त्यांनीही अंगात पाणी धरते.

अर्थात पाणी किती प्यावे आणि कोणती गोळी किती घ्यावी, हे प्रत्येक रुग्णाचे वेगळे असते आणि रक्ततपासणीनुसार बदलतेही. माझ्या आईचे प्रमाण वडिलांना लावू नका. प्रवास असेल तर लघवीच्या गोळीची वेळ पुढेमागे करता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा मार्ग निघतो, आणि दादाने एक फोन केला असता तर आमच्याही वेळी निघाला असता.