उत्तर: बडोदे, एसवाय बीए इंग्रजी – स्कॉलरशिपचा अर्ज कॉलेजातच अडकलाय

तुझी पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. (एकेरीत लिहितेय, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.) नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज भरलायस, स्टेटसमध्ये कॉलेजकडे पेंडिंग दिसतंय, आणि खिडकीवर विचारलं की "थई जशे, बेन" (होऊन जाईल, ताई) एवढंच उत्तर मिळतं. त्याखाली तू विचारलंयस की इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासाबाहेर काय करावं म्हणजे पुढे उपयोग होईल. मीही बडोद्यातच इंग्रजी घेऊन शिकले, आणि अशाच एका खिडकीपायी माझी एका वर्षाची स्कॉलरशिप गेली. कुठली संस्था ते सांगत नाही, सांगून आता काही होणारही नाही.

आधार, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड वगैरे तुझं झालंय असं धरते.

मुद्दा एकच आहे. या पोर्टलवर तू 'सबमिट' केलंस तरी अर्ज पुढे जात नाही. आधी तुमच्या कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याने (म्हणजे पोर्टलवरचे अर्ज तपासायला नेमलेल्या माणसाने) तो उघडून तपासायचा असतो, मग तो वरच्या स्तरावर जातो. दोन्ही टप्प्यांना वेगवेगळ्या शेवटच्या तारखा असतात. पहिल्या टप्प्याची तारीख उलटली की तुझी कागदपत्रं कितीही चोख असली तरी अर्ज तिथेच राहतो.

माझ्या बाबतीत नावावरून अडलं. शाळेच्या दाखल्यावर बाबांच्या नावापुढे 'भाई' चिकटवलेलं, मार्कशीटवर आडनाव आधी, आणि आधारवर आपल्या पद्धतीने माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांत हे असंच असेल. खिडकीवरच्या बाईंनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, 'भाई'वर पेनचं टोक टेकवलं आणि म्हणाल्या, नाव जुळत नाही, शाळेतून लिहून आणा. शाळेने बोर्डाकडे बोट दाखवलं. बोर्डाच्या कामाला किती वेळ लागतो ते तुला माहीत असेल. दरम्यान कॉलेजने माझा अर्ज ना पुढे पाठवला, ना परत केला. तो नुसता पडून राहिला. तारीख गेल्यावर त्याच खिडकीवर सांगण्यात आलं की पोर्टल बंद झालं, आता आमच्या हातात काही नाही.

त्यांच्या हातात होतं, आणि हे मला फार उशिरा कळलं. कागदात त्रुटी वाटली तर नोडल अधिकारी अर्ज 'डिफेक्टिव्ह' म्हणून शेरा मारून विद्यार्थ्याकडे परत पाठवू शकतो. मग विद्यार्थी दुरुस्ती करून पुन्हा सबमिट करतो, आणि अशा अर्जांच्या पडताळणीची तारीख सहसा अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतरची असते. म्हणजे 'डिफेक्टिव्ह' दिसलं तर घाबरायचं नाही, तो अर्ज जिवंत असतो. घात होतो तो 'पेंडिंग'मध्ये. एक बटण दाबायचं होतं आणि नोटरीकडून 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र मागायचं होतं. तेवढंही कुणी केलं नाही.

म्हणून उद्याच जा, पण तोंडी बोलून परत येऊ नकोस. अर्ध्या पानाचं निवेदन लिही: अर्ज क्रमांक, कधी सबमिट केला, पडताळणीची शेवटची तारीख, आणि 'अर्ज पुढे पाठवावा, त्रुटी असल्यास शेऱ्यासह परत करावा' ही विनंती. प्राचार्यांच्या नावाने दे आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा (आवक नोंदीचा) शिक्का आणि नंबर घे. शिक्का द्यायला नकार दिला तर तेच निवेदन कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठव. कागद आवक रजिस्टरमध्ये चढला की कुणाला तरी त्याचं उत्तर द्यावं लागतं. त्यानेही हललं नाही तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्राम्सवर, लिही. उद्धटपणा नको, फक्त तारखा लिही.

ज्या शहराच्या संस्थानाने १९१३ साली एका मुलाला महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप देऊन तीन वर्षांसाठी कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, आणि तो मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला, त्या शहरात एका मुलीचा अर्ज 'भाई' या दोन अक्षरांवर सडावा, याचा मला आजही संताप येतो. असो.

पैशांचं थोडक्यात. (मी कुठल्या कार्यालयात नाही. रकमा आणि अटी बदलतात, त्या वर्षीची सूचना स्वतः वाच.) तू भरलेली केंद्राची योजना पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० देते. उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. दर वर्षी रिन्यू करताना ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते, तेव्हा हजेरीचा हिशेब आत्तापासून ठेव. राज्याच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेची मर्यादा सहा लाख आहे, पण दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. आणि या योजनांना बारावीत लागणारं ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के नव्हे, दर शंभरातल्या ऐंशी जणांच्या पुढे असणं! गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर पर्सेंटाइल रँक वेगळी छापलेली असते, ती बघ. टक्के कमी म्हणून अर्जच न भरणाऱ्या हुशार मुली मी पाहिल्यात. अजून एक: पैसे अर्जातल्या खात्यात नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. आधारच्या साइटवर बँक सीडिंग, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय ते, तपासून घे, नाहीतर ते जुन्या, बंद पडलेल्या खात्याच्या वाटेला जायचे.

आता उपक्रम. माझं मत एकांगी आहे, आधीच सांगते. पैसे भरून मिळणारी वेबिनारची ई-सर्टिफिकेटं गोळा करू नकोस. युवा महोत्सवात वादविवाद किंवा वक्तृत्वात जरूर उतर, तिथे विद्यापीठाच्या संघातून विभागीय पातळीपर्यंत जाता येतं. पण तुझी खरी पुंजी वेगळी आहे. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि वर्गात इंग्रजी. इतक्या भाषा सहज बोलणारी इंग्रजीची विद्यार्थिनी पुण्यात शोधावी लागेल. अनुवाद कर.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा. सयाजीरावांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणून ही व्यवस्था उभी केली होती. तिथे जुनी मराठी पुस्तकं चाळ, बडोदे संस्थानाच्या सयाजी साहित्यमाला या पुस्तकमालेतली मिळाली तर उत्तमच. लेखक वारून ६० वर्षं उलटली असतील तर हक्क संपलेले असतात, परवानगी लागत नाही. एखादा दहा पानांचा लेख निवड, इंग्रजीत आण, सरांकडून किंवा मॅडमकडून तपासून घे, तीनदा लिही. मराठी विकिस्रोतावर (जुन्या पुस्तकांच्या मोफत ऑनलाइन संग्रहावर) मुद्रितशोधनही करता येतं, पैसे मिळत नाहीत पण नजर तयार होते. आपल्याच विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या गणेश देवींनी १९९६ मध्ये इथे 'भाषा' ही संस्था काढली. तिची आदिवासी अकादमी तेजगढला आहे. एकदा जाऊन ये, भाषेवर काम करणं म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसेल.

परदेशी स्कॉलरशिपांमागे दुसऱ्या वर्षातच धावू नकोस. ब्रिटनच्या चेवनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन. त्याआधी यूजीसीची पदव्युत्तर स्कॉलरशिप बघ: एमएच्या पहिल्या वर्षात अर्ज, महिना १५,०००, वर्षातले दहा महिने. एमए करतानाच नेट (प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देता येते, तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,०००. पीएचडीला गुजरातची 'शोध' योजनाही आहे, महिना १५,०००. यातल्या काही अर्जांत शिफारसपत्र किंवा लेखनाचा नमुना लागतो. तो तपासून घेतलेला अनुवाद तेव्हा दोन्हीकडे चालतो: नमुना म्हणून, आणि तो तपासणारे सर पत्रात तुझ्याबद्दल नेमकं काही लिहू शकतात म्हणून.

उद्या जाऊन आलीस की इनवर्ड मिळालं का आणि स्टेटस 'पेंडिंग'च आहे की बदललं, ते इथेच लिही. निवेदनाचा मसुदा नाव-नंबर झाकून टाकलास तर आज रात्रीच वाचून देते.