कुंडीतलं अनोळखी झाड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत जूनमध्ये संरक्षक भिंतीचं काम निघालं. तेव्हा उपटून टाकलेलं एक काटेरी झुडूप मी टबात लावलं. खोड मनगटाएवढं जाड, पानं समोरासमोर, काटेही जोडीने. बोन्साय करायचा विचार आहे. माळीदादा करवंद म्हणतात, मोबाईलवरचं ॲप दर वेळी नवं नाव सांगतं. ओळखायचं कसं?

उत्तर : आधी कात्री बाजूला ठेवा. निदान एक फांदी अजिबात छाटू नका, कारण शेवटचा निकाल फूल आणि फळच देतं. पानाच्या आकारमानावर आत्ता विसंबू नका. तोडलेल्या बुंध्यातून येणाऱ्या धुमाऱ्यांची पानं नेहमीपेक्षा मोठी आणि वेगळ्या घडणीची असतात. फुलाफळाविना अशा धुमाऱ्याचा फोटो दिला की ॲप चुकणारच.

सकाळी, कुंडीला पाणी दिल्यावर, कोवळ्या पानाचा देठ मोडा. पांढरा चीक आला तर करवंदाची शक्यता दाट. त्याचा काटा पुष्कळदा टोकाला दुभंगलेलाही असतो. नुकत्याच उपटलेल्या, तहानलेल्या झाडाला चीक कमी येतो, म्हणून एका देठावर निकाल देऊ नका. तीन-चार ठिकाणी पाहा. कुठेच चीक नसेल तर करवंद बाद.

मग समोरासमोरच्या दोन देठांमधली जागा दहापट भिंगातून पाहा. तिथे फांदीच्या दोन्ही अंगांना एकेक छोटं त्रिकोणी पातं दिसलं तर झाड कॉफीच्या कुळातलं, म्हणजे रुबिएसी. हे पातं कोवळ्या शेंड्यावरच नीट दिसतं. जुन्या फांदीवर गळून जातं आणि आडवी रेघ तेवढी उरते. ही एक खूण हाती आली की शोध फार आटोपशीर होतो.

आपल्याकडच्या डोंगरउतारांवर या खुणांची मुख्यतः दोन काटेरी झुडपं आढळतात: गेळा आणि अळू (भाजीचं नव्हे, ज्याची तपकिरी फळं खातात ते). गेळ्याचं पान टोकाकडे रुंद, देठाकडे निमुळतं, आणि जुन्या फांदीवरच्या आखूड फुटव्यांवर पानांचे झुबके दिसतात. अळूचं पान उलट बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार. फुलं आली की शंकाच उरत नाही. गेळ्याचं फूल मोठं, सुगंधी, उमलताना पांढरं आणि नंतर पिवळसर. अळूची फुलं बारीक, हिरवट, घोसात. गेळ्याचं फळ मात्र चाखून बघू नका. आयुर्वेदातलं वांतीकारक मदनफळ ते हेच.

गेळा याच जुन्या लाकडावरच्या आखूड फुटव्यांवर फुलतो. बोन्सायसाठी सगळ्या फांद्या सारख्या कापत राहिलात तर फूल येणार नाही आणि ओळखही अडेल.

फुलं आली की फुलांसकट वीतभर फांदी वर्तमानपत्रांत दाबून वाळवा. पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. सोबत तारीख, जागा आणि फुलाचा ताजा रंग लिहा. वाळल्यावर रंग कळत नाही. असा नमुना घेऊन जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, हेही अशा नमुन्यांसाठीच आहे. आधी विचारून जावं.

तोवर झाड जगलं पाहिजे. पहिली पालवी खोडातल्या साठ्यावर फुटते, त्यामुळे ती दिसली म्हणजे मुळं धरली असं समजू नका. याच टप्प्यावर लोक घाईने खत घालतात, नाहीतर झाड हलवतात, आणि पालवी माना टाकते. कोवळे फुटवे पिकून कडक होईपर्यंत, साधारण दोन महिने, वरून खत नको. असं झाड लावताना मातीऐवजी ३ ते ६ मिलिमीटरचे विटांचे तुकडे तीन भाग आणि शेणखत एक भाग एवढं मिश्रण पुरे. विटांची भुकटी चाळून काढा. ठाण्याच्या जुलैतल्या पावसात ती खाली बसून भोकं बुजवते आणि मुळं कुजतात. टबाखाली ताटली नको. पानं गळाली तरी नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर वाट पाहा.

प्रश्न : नेरूळला आमच्या इमारतीच्या भिंतीत उगवलेलं रोप काढलं. चीक येतो, काटे नाहीत. पिंपळ की नांद्रुक?

उत्तर : शेंड्यावरची टोकदार कळी सोलून पाहा. कोवळ्या पानावरचं टोपण गळाल्यावर फांदीला गोल कडं उरत असेल तर वड-पिंपळाच्या गोतातलं. पिंपळाच्या पानाला लांब शेपूट आणि लांब देठ असतो. नांद्रुकाचं पान जाड, गुळगुळीत, आखूड देठाचं आणि शेपटीविना. बोन्सायला नांद्रुक जास्त सोयीचा, कारण पान मुळातच लहान. पिंपळाचं पान लहान करायला फार खटाटोप पडतो.

प्रश्न : येऊरच्या जंगलातून लहान रोपं आणली तर चालतं का?

उत्तर : नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ तिथून रोप उपटायला मनाई करतो. खाडीकाठची तिवरंही संरक्षित आहेत. बांधकामात निघणारी झुडपं मालकाला विचारून घ्या, किंवा नर्सरीतून स्थानिक रोपं आणा; जंगलातलं वीतभर झाडही कित्येक वर्षांचं असू शकतं.