सुरुवात पाहिलीस का?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल रात्री साडेबाराला आलाय. म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला पंचगिरी करून घरी पोचून पट्ट्यापट्ट्यांचा शर्टही न उतरवता लिहायला बसली असणार. तू फ्लॅग, फाउल दाखवायचा तो पिवळा रुमाल, टाकलास, टचडाउन रद्द झालं, कोच तुझ्यावर ओरडला, पालक त्याहून जोरात ओरडले. परतीच्या गाडीत तुमच्या क्रूमधलं जुनं खोड, तो म्हातारा पंच, म्हणाला, "होल्डिंग काय, समोरच्याला हाताने धरून ठेवणं, ते प्रत्येक प्लेला असतं. डोळ्यांत खुपेल तेवढंच द्यायचं." आणि मागच्याच आठवड्यात निरीक्षकाने दोन होल्डिंग सोडली म्हणून तुझे गुण कापले होते. आणि तू विचारतेस, मग काका, नियमाने द्यायचं की अंदाजाने?

ते नंतर बघू. आधी मला सांग, त्या गार्डने समोरच्याला अडवलं, त्या ब्लॉकची सुरुवात पाहिलीस का?

तू लिहिलंयस, "मी वळून पाहिलं तर गार्डच्या मुठीत जर्सी होती." वळून पाहिलंस! म्हणजे तोवर तू बॉल बघत होतीस. आपल्या जागेवरच्या पंचाने, अंपायरने, बॉल बघायचा नसतो. बॉल बघायला स्टेडियमभर माणसं तिकीट काढून बसलेली असतात. स्नॅप झाला, बॉल मागे गेला, की तुझे डोळे तो बॉल मागे देणारा सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे दोन गार्ड यांच्यावर, बस. आधी पाय बघ. ब्लॉकर हरला की पहिल्यांदा त्याचे पाय थांबतात, आणि पाय थांबले की हात चोरी करायला निघतात. मग खांदे बघ. समोरचा निसटायला निघाला आणि त्याचे खांदे भलतीकडेच वळले, जर्सी तंबूसारखी ताणली गेली, तर दे बिनधास्त. पण हे सगळं क्रमाने दिसलं असेल तरच.

मी हे का उगाळतोय ते सांगतो. नोव्हेंबरातली प्लेऑफ मॅच, दुपारपासून पाऊस, मैदानाचा चिखल झालेला. बॉल घेऊन धावणारा रनिंग बॅक माझ्या डावीकडून सुटला आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. खरं सांगायचं तर सुंदर पळत होता. मान परत वळवली तर बचावातला एक गडी, लाइनबॅकर, जमिनीवर, त्याच्यावर गार्ड आणि गार्डच्या मुठीत शर्ट. टाकला फ्लॅग. साठ यार्डांचं टचडाउन पुसलं गेलं, वर दहा यार्ड मागे. तो संघ तीन गुणांनी हरला. शनिवारी सकाळी व्हिडिओ लावला. लाइनबॅकर आपला आपणच घसरला होता. गार्ड त्याला अडखळून पडला आणि उठताना आधाराला हाताला लागला तो शर्ट धरला, एवढंच.

मला जास्त लागलं ते वेगळंच. फ्लॅग पडल्यावर त्या पोराने मला विचारलं होतं, "सर, मी काय केलं?" मी म्हटलं, तू धरलंस. तो म्हणाला, "यस सर." विश्वास ठेवला त्याने माझ्यावर. तो आता पस्तिशीला आला असेल आणि कदाचित अजूनही त्याला वाटत असेल की ती मॅच आपण घालवली.

तेव्हापासून एकच पाळतो. सुरुवात पाहिली नसेल तर हात खिशाकडे जाणार नाही.

तुमच्या त्या जुन्या खोडाचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून तर घातक आहे. 1978 साली एनएफएलने, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, पास ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला वाचवताना, हात लांब करायला, पंजे उघडे ठेवायला परवानगी दिली. आता शाळेच्या फुटबॉलमध्येही तेच चालतं. उघडा पंजा छातीवर टेकला की बोटं मिटणारच. त्यामुळे नुसती मूठ दिसली यात काही विशेष नाही, तिच्यामुळे समोरचा अडला का हे बघायचं. आपल्याकडे कबड्डीत पकड केली की टाळ्या पडतात, इथे दहा यार्ड जातात. तुझ्या बाबांना हे समजवायला मला दोन सीझन लागले. दोघांनी मिळून एकाला ब्लॉक केला, तर थोडं सोडावं लागतं. डिफेंडरने खालून हात घालून वर उचकटला, म्हणजे रिप मारला, की ब्लॉकरचा हात त्याच्या गळ्याशी जातोच, तो त्याने स्वतः ओढून घेतलेला असतो. आणि धावणारा मैदानाच्या त्या टोकाला असताना या टोकाला किरकोळ ओढाओढ दिसली, तर पुढच्या प्लेआधी त्या पोराला नंबराने हाक मार आणि सांग, "हात आत ठेव." निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

मोठ्यांचंही बघ. 2019 मध्ये एनएफएलने पंचांना सांगितलं की धावणारा जिकडे पळतोय त्याच्या विरुद्ध बाजूचं होल्डिंग कडक द्या. पहिल्या दोन आठवड्यांत फ्लॅगांचा असा पाऊस पडला की टॉम ब्रेडीसारख्या नामांकित खेळाडूने घरी टीव्हीवर मॅच बघताना वैतागून ट्वीट केलं. मग लीगनेच हात आखडता घेतला. "जास्त द्या", "कमी द्या" या हुकमांनी कुणाची नजर सुधारत नाही. त्याच वर्षी पास इंटरफिअरन्स, म्हणजे पास झेलणाऱ्याला अडवल्याचा फाउल, रिप्लेवर तपासायची सोय आली आणि एका सीझनमध्ये गुंडाळली गेली. स्लो मोशनमध्ये प्रत्येक हात गुन्हेगार दिसतो, त्यात जोर किती होता ते कॅमेऱ्याला कळत नाही. कॉलेजात आठवा पंच आणला, सेंटर जज, तो मात्र कामाचा. डोळे वाढले की जास्त सुरुवाती दिसतात. शुक्रवारी रात्री शाळेच्या मॅचला आपण पाचच पंच. काही सुटणार. सुटू दे.

निरीक्षकांचं म्हणशील, तर माझेही गुण कापले गेले. दरवर्षी. "फार कमी फ्लॅग," असा शेरा. कॉलेजच्या यादीत माझं नाव आलं नाही ते बहुधा यामुळेच. मला त्याची खंत नाही. बरं, आहे थोडी. माझ्याबरोबर सुरुवात केलेला एकजण शनिवारी टीव्हीवर दिसतो तेव्हा मी चॅनेल बदलतो. पण त्याचे फ्लॅगही मी मोजतो आणि त्यातले निम्मे वळून पाहून टाकलेले असतात. हे मी कुणाला बोललो नाही, तुलाच सांगतोय. कदाचित मी मत्सराचा चष्मा लावूनच बघत असेन.

तू मात्र निरीक्षकाशी वाद घालू नकोस. त्याला व्हिडिओ दाखव आणि विचार की या क्षणी अंपायरची नजर कुठे असायला हवी होती. बहुतेकांनी असा विचारच केलेला नसतो. ते फक्त पडलेला डिफेंडर बघतात.

या शनिवारी तुझा व्हिडिओ घेऊन ये. आवाज बंद करून बघू, आणि बॉल असेल तो भाग मी हाताने झाकून ठेवीन. आणखी एक. तू फ्लॅग उजव्या बाजूला खोचतेस, मी पाहिलंय. डावीकडे खोच. उजव्या हाताला तिथवर पोचायला अर्धा सेकंद जास्त लागतो.

तुझा,
काका