क्लायंबिंगच्या जागी कुत्र्यांना येऊ द्यावं का?

तुम्ही विचारलंय की ग्रुपमधला एक मित्र दर वेळी कड्यावर त्याचा कुत्रा घेऊन येतो, कुत्रा गरीब आहे, आजवर कुणाला चावलेला नाही, तरी काही जण कुरकुर करतात. मग अशा ठिकाणी कुत्र्यांना सरसकट बंदीच का नसावी?

सरसकट बंदी मला पटत नाही. पण माझी एक अट आहे आणि ती बऱ्याच कुत्रेवाल्यांना जाचक वाटते. चढत नाही आणि बिलेही देत नाही (म्हणजे चढणाऱ्याचा रोप खालून सांभाळत नाही) असा एक माणूस पूर्ण वेळ कुत्र्यापाशी हवा. दोघंच जाणार असाल तर कुत्रा घरी राहील. ‘गरीब आहे हो तो’ या मुद्द्याला इथे फारशी किंमत नाही, कारण चावऱ्या कुत्र्याला कड्यावर सहसा कुणी आणतच नाही. खरा ताप होतो तो या गरीब, लाडावलेल्या कुत्र्यांचाच.

रोपला माती लागू नये म्हणून आपण खाली टार्प (ताडपत्री) अंथरून त्यावर तो मोकळा करून ठेवतो. दगडधोंड्यांनी भरलेल्या पायथ्याशी कुत्र्याच्या लेखी मऊ जागा तेवढीच. तो पायाची माती घेऊन येतो, दोन गिरक्या मारतो आणि रोपच्या ढिगावर अंग टाकतो. मातीचे कण रोपच्या आत शिरून तंतू झिजवतात, पण ते जाऊ द्या. वर लीड करणारा (रोप सोबत घेऊन पहिला चढणारा) कातळातल्या बोल्टला क्लिप मारायला, म्हणजे रोप अडकवायला, तो ओढतो, बिलेअर (बिले देणारा) रोप सोडायला जातो आणि रोप येतच नाही, कारण त्यावर पंचवीस किलोंचं जनावर पहुडलंय. वरचा एका हातावर लटकलेला, दुसऱ्या हातात अर्धवट ओढलेला रोप. दुसरा बोल्ट क्लिप व्हायच्या आत तो सुटला तर थेट जमिनीवर येऊ शकतो. अशा वेळी बिलेअर काय करतो? मान खाली घालून ‘हट, ऊठ’ करत बसतो. वरची नजर गेलीच, बऱ्याचदा एक हातही कुत्र्याला ढकलण्यात जातो. ग्रीग्री (पडल्यावर रोप अडवायला मदत करणारं बिलेचं साधन) असलं म्हणून रोप धरलेला ब्रेकचा हात सोडायचा नसतो, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तरीही हे होतं.

याहून वाईट म्हणजे कुत्र्याचा पट्टा स्वतःच्या हार्नेसला (कमरेला बांधलेल्या सुरक्षा-साजाला) अडकवून बिले देणारे. समोरून खार पळाली की कुत्रा कुणाला विचारून झेप घेत नाही. लीडर पडला तर बिलेअर भिंतीकडे ओढला जातो, कधी जमिनीवरून उचललाही जातो, आणि तेव्हा त्याच्या पायात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला बिथरलेला कुत्रा असतो. पट्टा दूरच्या झाडाला बांधा. माणसाला नाही आणि आपण ज्याच्या आधारावर असतो त्या अँकरला तर मुळीच नाही.

बोल्डरिंगला, म्हणजे बुटक्या कातळांवर चढताना, रोपच नसतो, मग कुत्रा असला तर काय बिघडलं, असं बरेच जण म्हणतात. मला नेमकं उलटं वाटतं. तिथे प्रत्येक पडणं जमिनीपर्यंतच असतं. ३ मीटरवरून सुटलेला माणूस पाऊण-एक सेकंदात, ताशी सुमारे २७ किलोमीटर वेगाने क्रॅश पॅडवर (खाली अंथरलेल्या जाड गादीवर) येतो. तेवढ्या वेळात स्पॉटरने (पडणाऱ्याला सावरायला खाली उभ्या असलेल्याने) माणूस सावरायचा की पॅडवर चढलेला कुत्रा हाकलायचा? त्यात घोटा कुणाचा मोडेल आणि बरगड्या कुणाच्या, सांगता येत नाही.

कुत्र्याची बाजूही कुणी फारशी मांडत नाही. २० मीटरवरून निसटलेला दगड खाली पोचेपर्यंत ताशी ७० किलोमीटरचा वेग घेतो. आपण हेल्मेट घालतो आणि ‘दगड!’ अशी हाक ऐकली की भिंतीला चिकटतो. कुत्रा हाक ऐकून वर बघतो, नाहीतर त्या दगडामागे धावतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच थंड होतो. तापलेल्या कातळापाशी दुपारभर बांधून ठेवणं ही त्याच्यासाठी सहल नव्हे. शिवाय मालक डोळ्यांदेखत वर निघून गेला की पुष्कळ कुत्री केकाटायला लागतात. मालक अर्ध्या रूटवरून त्याला गप्प करतो आणि शेजारच्या रूटवरचं ‘टेक’ (रोप ताणून धर) किंवा ‘लोअर’ (खाली सोड) त्या गोंगाटात विरून जातं.

कुरकुर करणाऱ्यांना उगाच नाजूक समजू नका. कुत्र्याची भीती वाटणारा माणूस रस्त्यावर बाजूला होऊ शकतो. बिले देताना तो बाजूला होऊच शकत नाही, त्याच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो. कुत्रा नुसता हुंगायला आला तरी तो माणूस अवघडून जातो, आणि मालक लांबून ओरडतो, ‘काही नाही करत तो!’ (हे वाक्य बंद केलं तरी निम्मी भांडणं मिटतील.)

काही ठिकाणी हा वाद आपल्या हातात राहतच नाही. अमेरिकेतल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये कुत्र्याला रस्ते, कॅम्पग्राउंड आणि पिकनिकच्या जागांपासून १०० फुटांपलीकडे नेता येत नाही, म्हणजे तिथले बहुतेक कातळ आपोआप बाद. पट्टा जास्तीत जास्त ६ फुटांचा. आणि ठरवून दिलेली जागा सोडून कुठेही बांधून एकटं सोडणं तिथल्या नॅशनल पार्कांच्या नियमांत बसत नाही, माझी अट तरी वेगळं काय सांगते? इंग्लंडमध्ये २००० सालच्या कायद्याने खुल्या झालेल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड पट्ट्यावरच हवा, कारण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा तो हंगाम. गुराढोरांजवळ तर वर्षभर. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने गोळी घातली तर ठरावीक परिस्थितीत तिथला कायदा शेतकऱ्याच्याच बाजूने उभा राहतो. जमीन खाजगी असेल तर एका कुत्र्यापायी मालक सगळ्यांचीच वाट बंद करू शकतो, आणि ती पुन्हा उघडायला नाकी नऊ येतात.

विष्ठेबद्दल एवढंच की पिशवीत भरून परत न्यायची. ‘परतताना उचलतो’ म्हणून वाटेच्या कडेला ठेवलेली पिशवी तिथेच राहते. मल्टीपिचला (टप्प्याटप्प्याने चढायच्या उंच कड्यावर) कुत्रा नेण्याचा तर विषयच नको.

तुमच्या मित्राशी कुत्र्याच्या स्वभावावर वाद घालत बसू नका, तो तुम्ही कधीच जिंकणार नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी फक्त विचारा, उद्या याच्यापाशी कोण थांबणार? कुणी आळीपाळीने थांबायला तयार असेल, जागेचा नियम आड येत नसेल आणि कड्यावर गर्दी नसेल तर खुशाल आणू दे. सावलीत, दगड पडतील त्या भागापासून लांब, पाण्याचं भांडं घेऊन बसू दे. पायथा अरुंद असेल किंवा सुट्टीच्या दिवशी चार ग्रुप आलेले असतील तर नाही. आणि ‘बसेल तो शांत, मी पटकन एक रूट करून येतो’ असं उत्तर आलं, तर त्याला बिले देणारा दुसरा शोधायला सांगा.