शांत डेस्कटॉप आणि खारा वारा : वाचकांचे प्रश्न

घरी डेस्कटॉप जोडणाऱ्यांची जी पत्रं आली, त्यांत बहुतेकांची तक्रार एकच : आवाज. पण पत्रं किनारपट्टीवरची, त्यामुळे आवाजाच्या मागोमाग ओल, गंज आणि वीजही आलीच.

प्रश्न : घरी कथावाचन रेकॉर्ड करतो. खोलीत एसी नाही. माइक तीन फुटांवर असतो आणि सध्याच्या कॉम्प्युटरचा पंखा प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. नवीन जोडायचा तर काय काय घ्यावं? गेम खेळत नाही. (कुडाळ)

उत्तर : पंख्यांच्या जाहिराती वाचण्याआधी वॅटचा हिशोब मांडा. उष्णता जितकी कमी, तितका पंखा हळू. तुमच्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, तेव्हा ते घेऊच नका. घरगुती डेस्कटॉपमध्ये सगळ्यात जास्त गोंगाट बहुधा त्याचाच असतो. ग्राफिक्स आतच असलेला ६५ वॅटचा प्रोसेसर पुरे : इंटेलचा आय५-१२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी. खोक्यावरच्या ६५ वर मात्र पूर्ण विसंबू नका. जोर लागला की १२४०० हा ११७ वॅटपर्यंत जातो, ५६००जी ८८ पर्यंत. पहिल्याच्या पीएल१ आणि पीएल२ या विजेच्या दोन्ही मर्यादा बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना उघडता येणारा सेटिंगचा पडदा) ६५ वर आणा, दुसऱ्याला ४५ वॅटचा इको मोड द्या. ध्वनिसंपादनात फरक जाणवणारसुद्धा नाही.

प्रोसेसरसोबत येणारा छोटा कूलर माळ्यावर टाका. चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचा) उभा टॉवर कूलर आणि त्यावर १२० मिलिमीटरचा पंखा, असं घ्या. असे कूलर साधारण १५५ मिलिमीटर उंच असतात. कॅबिनेटच्या माहितीत कूलरसाठी कमाल उंची दिलेली असते, ती आधी बघा. कमी पडली तर बाजूचं झाकण बसत नाही आणि हे सगळं जोडून झाल्यावरच कळतं.

आता पंख्यांचं गणित. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर ३ डेसिबल वाढतात. म्हणजे मिनिटाला १४०० फेरे घेणाऱ्या एका पंख्याऐवजी ७०० फेऱ्यांचे दोन लावले, तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. म्हणून पुढे १४० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, तिन्ही चार पिनांचे, म्हणजे बोर्डाला वेग सहज कमी-जास्त करता येणारे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त राहिली की धूळ फटींतून न शिरता पुढच्या फिल्टरमधूनच येते आणि तिथेच अडकते. तो फिल्टर महिन्याला धुवायचा.

एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, ४५० ते ५५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) आणि कमी भारावर पंखा बंद ठेवणारा बघा. तुमचा अख्खा कॉम्प्युटर जोरातसुद्धा १०० वॅटच्या आसपास राहील, म्हणजे त्याचा पंखा क्वचितच फिरेल. फिरणारी हार्ड डिस्क आत नकोच. ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते आणि कॅबिनेटचा पत्रा ती घरघर वाढवून ऐकवतो. मदरबोर्डवर बसणारी एम.२ एसएसडी (न फिरणारी, चिपांची डिस्क) घ्या, जुन्या फाइली बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि ती लागेल तेव्हाच जोडा.

जोडणीचा क्रम : प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी मदरबोर्डवर टेबलावरच बसवा. रॅमच्या पट्ट्या दोन असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर वरच्या कोपऱ्यातून कूलर बसवण्याआधीच ओढून घ्या, नंतर तिथे बोट जात नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. कूलरच्या बुडाचं पारदर्शक प्लास्टिक काढलं का, हे पुन्हा बघा. ते तसंच राहिल्यामुळे प्रोसेसर क्षणात ९५ अंशांवर जाण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. कूलरचे स्क्रू तिरक्या जोडीने, प्रत्येकाला दोन-दोन आटे देत आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली तर पेस्ट दुसरीकडे सरकते. पंख्याच्या ज्या अंगाला आडव्या दांड्या आणि स्टिकर असतो, त्या अंगाने हवा बाहेर पडते. कूलरच्या पंख्याची वायर बोर्डावर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा.

शेवटी जागा. कॅबिनेट टेबलावर माइकशेजारी न ठेवता टेबलाखाली पलीकडच्या अंगाला, रबरी पायांच्या वीतभर उंच पाटावर ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, बंद खोलीत त्याहून कमी, तरी फायदा होतोच. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळते तेव्हा या सगळ्याचा उपयोग शून्य, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

प्रश्न : आतून फोम लावलेलं, पुढून बंद असं ‘सायलेंट’ कॅबिनेट दुकानदार सुचवतो आहे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. घ्यावं का? (रत्नागिरी)

उत्तर : घेऊ नका. असं कॅबिनेट थंड हवेच्या देशात शोभतं. पुढचं दार बंद असलं की हवा बाजूच्या चिरेतून ओढावी लागते, मग पंखे जोरात फिरतात आणि फोमने जेवढा आवाज खाल्ला तेवढा परत येतो. मे महिन्यात खोलीच ३४ अंशांवर असते, तिथे तर विचारायलाच नको. शिवाय फोम ओल धरतो. जाळीच्या तोंडाचं साधं कॅबिनेट आणि हळू फिरणारे मोठे पंखे इथे जास्त शांत चालतात.

तुमच्याकडे खरा शत्रू मीठ आहे. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण धुळीत मिसळून बोर्डावर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी शोषून ओघळतं, आणि मग ती नुसती धूळ राहत नाही, वीज वाहून नेणारा ओला थर होतो. पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या वर असते. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॉम्प्युटर रोज तासभर चालू ठेवणे. ३० अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा आत ३६ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर येते आणि मीठ कोरडं राहतं. आपल्याकडे प्रेमाने घालतात ते प्लास्टिकचं कव्हर चार महिने काढून ठेवा, आत ओल कोंडते. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कॅबिनेटमध्ये दोन दिवसांत भरून जातात. तो खर्च नको. साफसफाई करताना ही चिकट धूळ ब्लोअरने उडत नाही. वीज काढा, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पूर्ण सुकू द्या.

प्रश्न : रॅम खोडरबराने घासली की कॉम्प्युटर चालू होतो. दर पावसाळ्यात हेच करावं लागतं. चालेल ना? (अलिबाग)

उत्तर : चालतं, पण थोड्याच वेळा. पट्टीच्या दातांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. खोडरबर गंजाबरोबर तोही खरवडतो, मग खालचा धातू उघडा पडून पुढच्या पावसाळ्यात आणखी लवकर काळवंडतो. अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. नुसती पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवल्यानेही बरेचदा काम होतं.

प्रश्न : नवीन जोडलेला कॉम्प्युटर एरवी शांत असतो, पण ब्राउझर उघडला की पंखा एकदम हुंकारतो, पाच सेकंदांत गप्प बसतो, पुन्हा हुंकारतो. कूलर खराब आहे का? (वेंगुर्ला)

उत्तर : कूलर बहुधा ठीक आहे. आजचे प्रोसेसर पान उघडण्यापुरता एखादा गाभा (कोर) जोरात पळवतात आणि तापमान क्षणात १५-२० अंश उडी मारतं. बायोस त्या उडीमागे पंखा पळवतो. एकसारख्या आवाजाला कान सरावतो, चढ-उताराला नाही. म्हणून हे जास्त खुपतं.

बायोसमध्ये पंख्याचा आलेख, म्हणजे किती तापमानाला किती वेग, स्वतः आखा. ६५ अंशांपर्यंत सपाट रेघ, ४० टक्के. ७५ ला ६० टक्के, ८५ ला पूर्ण. ‘स्टेप अप’ किंवा ‘स्मूदिंग’ नावाचा पर्याय दिसला तर पाच सेकंदांहून जास्त ठेवा, म्हणजे क्षणिक उडीकडे पंखा दुर्लक्ष करील. पंखा कायमच पूर्ण वेगाने फिरत असेल तर कारण वेगळं : तीन पिनांचा पंखा लावलाय आणि बोर्डावर ‘पीडब्ल्यूएम’ निवडलंय. तिथे ‘डीसी’ करा. आलेख थंडीत आखला असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा तपासा. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही तेवढाच वर सरकतो आणि जानेवारीत जी रेघ शांत होती ती वैशाखात सारखी ओलांडली जाते.

इतकं करूनही घरघर राहिली तर कागदाची सुरळी कानाला लावून एकेका पंख्याजवळ न्या. कोणता बोलतोय ते लगेच कळतं.

प्रश्न : कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज. उन्हाळ्यात जास्त. एसएमपीएस बदलला, फरक नाही. (मालवण)

उत्तर : दोन्हींचं मूळ बहुतेक अर्थिंगमध्ये आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो. त्यातले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग नसलं की पत्रा अधांतरी राहतो आणि २३० च्या निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या जवळपास जातो. करंट अगदी थोडा असल्याने फक्त झिणझिण्या येतात. पण घरात दुसऱ्या एखाद्या यंत्राची फेज उघडी पडली तर हीच गोष्ट जिवावर बेतेल. म्हणून हे काम आवाजाच्या आधी करा.

उन्हाळ्यात वाढतं याला कारण जमीन. जांभ्यात पाणी टिकत नाही, आणि कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा मुळात खोल गेलेलाच नसतो. नुसत्या मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका, कमकुवत अर्थिंगलाही तो २३० दाखवू शकतो. इलेक्ट्रिशियनला फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब लावून बघायला सांगा. पूर्ण उजेडाने पेटला तर ठीक, मिणमिणला तर अर्थिंग निकामी. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताच तो पडेल, म्हणजे निदान अर्थची वाट चालू आहे. नवीन खड्डा घेताना पाइप किमान अडीच मीटर खोल आणि शक्यतो न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, म्हणजे जमीन बारमाही ओली राहील. कॉम्प्युटरची तीन पिनांची पिन दोन पिनांच्या बोर्डात खुपसणारं अडॅप्टर वापरत असाल तर ते आजच काढा.

प्रश्न : पंखाच नको. बँकेची कामं, मराठी टायपिंग, व्हिडिओ आणि मुलीचा अभ्यास, एवढंच आहे. जमेल? (दापोली)

उत्तर : छान जमेल. इंटेल एन१०० प्रोसेसरचा, धातूच्या अंगाचा मिनी पीसी बघा. चार गाभे, ठरलेली उष्णता ६ वॅट. ८ जीबी रॅममध्ये भागतं, १६ असेल तर उत्तम. खोक्यावर ‘फॅनलेस’ लिहिलंय का ते नीट वाचा, कारण बऱ्याच मिनी पीसींत छोटा पंखा असतो आणि वर्षभरात तो डासासारखा गुणगुणू लागतो. समुद्राकाठी पंखा नसण्याचा आणखी एक फायदा : खारी हवा आत ओढलीच जात नाही.

एक पथ्य. हा डबा स्वतःच्या अंगानेच थंड होतो, तेव्हा बंद कपाटात ठेवू नका आणि वर क्रोशाचा रुमाल घालू नका. मे महिन्यात तो हाताला चांगलाच गरम लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

प्रश्न : गावच्या घरातला कॉम्प्युटर मे महिन्यात बंद केला की गणपतीलाच उघडतो. दर वेळी काहीतरी बिघडलेलं असतं. (देवगडचे चाकरमानी)

उत्तर : आल्या आल्या बटण दाबू नका, तिथेच घात होतो. प्लग न लावता बाजूचं झाकण उघडा. पालीची अंडी, मुंग्यांची वारुळं, कुंभारणीने मागच्या जाळीत लिंपलेली माती, हे सगळं सापडतं; ब्रशने काढा. मग टेबलफॅनचा वारा दिवसभर आत जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी रॅम काढून-घालून प्लग लावा आणि पहिला अर्धा तास नुसता बायोसच्या पडद्यावर चालू ठेवा. घड्याळ मागे गेलेलं दिसलं तर सीआर२०३२ सेल बदला. जाताना प्लग आणि नेटची वायर दोन्ही भिंतीपासून काढून ठेवा. मेअखेरच्या वळवाच्या विजा नेटच्या वायरमधूनही मदरबोर्ड मारतात. एसएसडी काढून मुंबईला नेलीत तर उत्तमच, एका स्क्रूचं काम आहे.