बादलीत ८ सेंटीमीटर पाणी आणि पेपरात ४१ मिमी, मग खरा पाऊस किती?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण काही वर्षांपूर्वी मीही डिट्टो हेच केलं होतं आणि ऑफिसात दोन दिवस हवामान खात्याच्या नावाने बोंब मारत फिरलो होतो. तुम्ही लिहिलंय की रात्रभर गच्चीवर बादली ठेवली, सकाळी पट्टी बुडवली तर ८ सेंटीमीटर, म्हणजे ८० मिमी, आणि पेपरात तुमच्या शहराचा आकडा ४१, मग "हे लोक निम्मा पाऊस खातात का?" खात नाहीत हो. तुमची बादली तुम्हाला फसवतेय.

बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते ना, तिथेच घोळ आहे. पाऊस गोळा होतो वरच्या मोठ्या तोंडातून आणि साचतो खालच्या छोट्या बुडाशी, मग पाण्याची उंची जास्त दिसणारच. माझ्या बादलीचं सांगतो. तोंडाचा व्यास ३० सेंमी, बुडाचा २०, उंची ३०. तोंडाचं क्षेत्रफळ आलं साधारण ७०७ चौरस सेंमी, म्हणजे १ मिमी पाऊस पडला की बादलीत ७१ मिली पाणी येणार. ४० मिमी पडला तर २.८ लिटर. आता हे २.८ लिटर त्या बुडात किती उंच उभं राहतं? जवळपास ८ सेंमी! म्हणजे तुमची बादली माझ्यासारखीच असेल तर तुमचा ८० आणि पेपरातला ४१ हा एकच पाऊस आहे.

त्यामुळे बादलीत पट्टी घालूच नका. पाणी लिटरच्या मापाने मोजा, नाहीतर सरळ किचनच्या वजनकाट्यावर ठेवा (१ ग्रॅम म्हणजे १ मिली, बादलीचं वजन वजा करायला विसरू नका, मी विसरलो होतो), मग मिलीला तोंडाच्या चौरस सेंमीने भागा, उत्तर सेंमीत येतं, दहाने गुणलं की मिमी. सरकारी पर्जन्यमापकातही हेच चालतं, वरचं तोंड २०० चौरस सेंमीचं असेल तर २० मिली पाण्याला १ मिमी धरतात आणि मापाच्या काचेवर थेट मिमीच्याच खुणा असतात, त्यामुळे मोजणाऱ्याला डोकं लावावं लागत नाही.

आणि ४१ ऐकायला चिल्लर वाटतं पण चिल्लर नाहीये. १ मिमी म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर. हजार चौरस फुटांची गच्ची असेल तर ४० मिमीत जवळजवळ पावणेचार हजार लिटर पाणी पन्हाळीतून गेलं, आणि वर आपण टँकर मागवतो.

रोज मोजायचं असेल तर दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा (याने बाष्पीभवनही कमी होतं), बूड वाकडंतिकडं असतं म्हणून खडे आणि पाणी घालून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत भरा आणि तिथे शून्याची खूण करा. बाजू सरळ असल्या की पट्टी चालते, मग तोंड लहान असो की मोठं. फक्त जागा बघून ठेवा. मी पहिल्या वर्षी बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली होती, तर एकदा आभाळ कोरडं ठाक असताना सकाळी ६ मिमी! वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कुंड्यांना पाणी घातलेलं. मग गच्चीवर नेली तर तिथे वाऱ्याची दुसरीच कटकट, वारा जोराचा असला की थेंब तोंडावरून तिरके उडून जातात आणि आकडा कमी येतो. म्हणून वेधशाळेचा पर्जन्यमापक जमिनीलगत असतो, आणि जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब.

अजून एक, वेधशाळेचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, सकाळी ८.३० ला बदलतो. रविवारी सकाळी दहाला धो धो कोसळला तर तो सोमवारच्या ८.३० च्या आकड्यात दिसतो, आणि लोक इकडे "रविवारी शून्य दाखवतात बघा" म्हणून स्क्रीनशॉट फिरवत बसतात.

एवढं सगळं बरोबर केलंत तरी तुमचा आकडा वेधशाळेशी जुळेलच असं नाही, आणि त्यात कुणीच खोटं नसतं. २६ जुलै २००५ आठवतोय ना? सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७३. एकच मुंबई, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर. त्या दिवशी कुणी कुलाब्याचाच आकडा "मुंबईचा पाऊस" म्हणून छापला असता तर कुर्ल्यात कंबरभर पाण्यात उभ्या माणसाने काय म्हटलं असतं! अंदाजातही "तुरळक ठिकाणी जोरदार" असं म्हणतात तेव्हा त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवरच तो अपेक्षित असतो, म्हणजे बाकीच्यांच्या छत्र्या कोरड्या राहणार हे त्यातच आलं, पण आपण फक्त "जोरदार" तेवढं वाचतो.

आपल्यासाठी ही गंमत आहे, पण माझ्या मामांची शेती लातूरकडे आहे, त्यांना विचारा. सोयाबीन काढणीला आलेलं, रात्रीतून शेताचं तळं झालं, आणि महसूल मंडळाचा (म्हणजे आसपासच्या काही गावांचा मिळून एकच) आकडा आला ६१. सरकारी भरपाईसाठी अतिवृष्टी धरतात २४ तासांत ६५ मिमीच्या वर. यंत्र मंडळाच्या गावात, मामांच्या शेतापासून नऊ किलोमीटरवर. त्यात ही ऑटोमॅटिक यंत्रं म्हणजे आत छोटी वाटी असते, ठरावीक पाणी भरलं की कलंडते आणि यंत्र एक-एक कलंडणं मोजतं, पाऊस फार जोराचा असला की वाटी कलंडता कलंडता थोडं पाणी न मोजताच निसटतं, आणि नरसाळ्यात पाला अडकला तर विचारूच नका. त्या दिवशी यातलं काय झालं ते मला माहीत नाही, कदाचित तिकडे खरंच ६१ च पडला असेल. मामांनी आता शेतात स्वतःचा पर्जन्यमापक लावलाय, तो सरकारदरबारी चालत नाही, पण रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा लिहितात आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो येतो.

तुम्ही त्या सकाळचं पाणी ओतून टाकलं असेल तरी हरकत नाही. बादलीच्या तोंडाचा आणि बुडाचा व्यास, आणि उंची, एवढं कमेंटमध्ये टाका, ८ सेंमीवरून उलटा हिशेब मी करून देतो.